कोकणातल्या घरासाठी जनरेटर: साधा पेट्रोल, इन्व्हर्टर की डिझेल?

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीएचा दाखवू?" केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता. त्याला उत्तर देण्याआधी घरी कागद-पेन घेऊन बसा. लाईट गेल्यावर दिवसा काय चालायला हवं आणि रात्री काय, अशा दोन याद्या करा. वाडीतल्या बहुतेक घरांत दिवसा विहिरीवरचा पंप, फ्रीज आणि मिक्सर लागतो; रात्री दोन पंखे, तीन-चार दिवे आणि मोबाईलचं चार्जिंग. पहिल्या यादीला दीड-दोन हजार वॉट लागतील, दुसरीला दोनशेच्या आसपास. जनरेटर किती आवाज करणार आणि किती पेट्रोल पिणार, हे मुख्यतः या फरकावरच ठरतं.

साधा, उघड्या सांगाड्याचा पेट्रोल जनरेटर सगळ्यात स्वस्त आणि गावातला मेकॅनिकही तो दुरुस्त करू शकतो. पण ५० हर्ट्झची वीज मिळावी म्हणून त्याचं इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवरच ठेवावं लागतं. पंप चालू असो की एकच दिवा, फेऱ्या तेवढ्याच आणि आवाजही जवळपास तेवढाच.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाची वीज आधी डीसी (बॅटरीसारखी) होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची ५० हर्ट्झची एसी (घरातल्या लाईनसारखी) करतं. त्यामुळे लोड कमी झाला की इंजिन हळू चालू शकतं. दोन केव्हीएच्या आसपासचं चांगलं मशीन चतुर्थांश लोडवर साडेतीन-चार लिटरच्या टाकीत आठेक तास चालतं. पूर्ण लोडवर तीन-साडेतीन तास. वजन वीस-बावीस किलो, म्हणजे एकट्याने उचलून आत ठेवता येतं. किंमत मात्र साध्या मशीनपेक्षा बरीच जास्त, आणि सर्किट बिघडलं तर गावातल्या मेकॅनिकच्या हातात काही नसतं. सर्व्हिस सेंटर चिपळूणला आहे, रत्नागिरीला की थेट मुंबईला, हे आधी विचारा.

आता वरच्या आकड्यांकडे नीट पाहा. चतुर्थांश लोडवर एका युनिटला जवळजवळ लिटरभर पेट्रोल जातं, पूर्ण लोडवर सहाशे-साडेसहाशे मिली. म्हणजे इन्व्हर्टर जनरेटरसुद्धा रात्रभर दोन पंख्यांसाठी चालवला तर युनिट शंभर रुपयांच्या घरात पडतं. माझं ठाम मत आहे की घरगुती जनरेटर रात्री चालवूच नये. दिवसा तीन तास, भरपूर लोडवर चालवा: पाण्याची टाकी भरा, फ्रीज गार करून घ्या आणि त्याच वेळी साधा बॅटरी-इन्व्हर्टर चार्ज होऊ द्या. १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी १५ अँपिअरने तीन तासांत पूर्ण भरत नाही, जेमतेम तिसरा हिस्सा भरते. पण पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर मधल्या वेगावर दोन पंखे आणि एक छोटा दिवा रात्र काढायला तेवढं पुरतं. आवाज शून्य. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. अशा वेळी घरातलं पेट्रोल किती दिवस पुरवायचं, हाच खरा प्रश्न असतो.

डिझेलचा 'सायलेंट' सेट युनिटमागे सगळ्यात कमी इंधन घेतो, पण चांगल्या लोडवरच. तीस टक्क्यांच्या खाली तास न् तास चालला की डिझेल पूर्ण जळत नाही, सायलेन्सरमध्ये तेलकट काजळी साचते आणि इंजिन खराब होतं. नुसत्या घरासाठी तो नको. पाच-सहा खोल्यांचं होमस्टे, दोन-तीन एअर कंडिशनर आणि मोठा पंप असेल तर मात्र तोच घ्यावा.

आवाजाचे आकडे वाचताना बहुतेक जण फसतात. डिझेल सेटची सरकारी मर्यादा ७५ डेसिबल आहे, पण ती एक मीटरवर मोजतात. इन्व्हर्टर जनरेटरच्या माहितीपत्रकातले ५०-५७ डेसिबल बहुधा सात मीटरवरचे असतात, आणि त्यातला लहान आकडा कमी लोडवरचा. एकावरून सातावर गेलं की मोकळ्या जागेत पंधरा-सतरा डेसिबल आपोआप कमी होतात. तेव्हा ७५ आणि ५७ हे दिसतात तेवढे लांब नाहीत. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे. शेजाऱ्याची खिडकी सात-आठ मीटरवर असेल तर यातला कुठलाही जनरेटर तिथे ती पाळणार नाही.

जागेबाबत तडजोड करू नका. पाऊस लागला म्हणून जनरेटर पडवीत ओढला आणि दार लावून घेतलं, तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो. त्याला वास नाही, झोपेतच माणसं जातात. घरापासून दूर, चिऱ्याच्या चौथऱ्यावर, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या अशी जागा करा. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून जमलं तर घराच्या पूर्वेला. आणि चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाईनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) लावल्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडूच नका. वीज उलटी लाईनवर गेली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल.

खाऱ्या हवेत सगळंच गंजतं, तेव्हा महिन्यातून एकदा अर्धा तास लोड देऊन चालवा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं. जनरेटर महिन्याहून जास्त बंद राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा.

राहिला पंप. एक एचपी म्हणजे ७४६ वॉटच, पण सुरू होताना मोटर चार-सहापट करंट खेचते आणि दोन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर तिथेच ट्रिप होऊ शकतो. एक एचपीचा पंप असेल तर तीन केव्हीएच्या खाली जाऊ नका, अर्ध्या एचपीला दोन केव्हीए बहुधा चालतो. पैसे देण्याआधी विक्रेत्याला मशीन घेऊन घरी यायला सांगा आणि फ्रीज चालू असताना तुमच्याच विहिरीचा पंप त्यावर सुरू करून दाखवायला लावा.