सुकेसादा की सादाकाझू? पहिला जुना तांतो घेताना

पैसे एकाच जपानी खंजिराचे आहेत आणि समोर दोन ठेवलेत. एकावर बिझेन या जुन्या प्रांतातल्या ओसाफुने गावच्या सुकेसादा या लोहाराची सही, सोळाव्या शतकातली. दुसरा ओसाकाचा लोहार गास्सान सादाकाझू याचा, मेजी काळातला (१८६८-१९१२). दोन्ही तांतो, म्हणजे पातं एका शाकूच्या, ३०.३ सेंटिमीटरच्या, आत. तीनशेहून जास्त वर्षांचं अंतर पाहून मन लगेच जुन्याकडे धावतं. जरा थांबा.

सुकेसादा हे एका माणसाचं नाव नाही. ओसाफुनेत (आजच्या ओकायामा प्रांतातल्या सेतोउची शहरात हे गाव येतं) डझनावारी लोहारांनी ते लावलं. सगळा जपान लढायांत गुंतलेला, हत्यारांना मागणी अफाट. तेव्हा भट्ट्यांतून दोन तऱ्हेचा माल निघे: घाऊक काढलेला, ज्याला जाणकार ‘काझुउची’ म्हणतात, आणि गिऱ्हाइकानं सांगून करवून घेतलेला ‘चुमोनउची’. कुठला कुठला हे मूठ उतरवल्याशिवाय नीट कळत नाही. आपल्याकडे कट्यार हातात आली की डोळा आधी मुठीवरच्या नक्षीकडे जातो; इथे मूठ काढून बाजूला ठेवायची आणि तिच्यात दडलेली पात्याची शेपटी, नाकागो, वाचायची. नुसतं ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ (बिशू म्हणजे बिझेनच) एवढंच कोरलेलं असेल तर बहुधा घाऊक माल. सोबत ‘योसोझाएमोन नो जो’ असं त्या लोहाराचं खासगी नावही असेल तर गोष्टच वेगळी, कारण सुकेसादांमधला सगळ्यांत नावाजलेला तोच. अर्थात सही जितकी मोठी तितकी ती खोटी कोरायचा मोहही मोठा.

पाणी दिल्यावर धारेच्या कडेनं जी पांढुरकी रेघ उमटते, ती हामोन. चांगल्या सुकेसादाच्या हामोनमध्ये खेकड्याच्या नांगीसारखे दुहेरी सुळके दिसतात, आणि जपानी लोकही त्यांना खेकड्याची नांगीच म्हणतात. काही तांतो दुधारी असतात, ते फार देखणे. पण पाचशे वर्षांत पातं किती वेळा घासलं गेलं असेल याचा विचार करा. दर वेळी वरची कडक कातडी पातळ होते आणि शेवटी आतलं मऊ लोखंड निस्तेज डागांसारखं डोकावू लागतं. तेवढं एक वेळ चालवून घेता येईल. धारेला आडवी चीर, हागिरे, असेल तर मात्र परत म्यानात घाला. ती सहज दिसत नाही. दिव्याखाली पातं तिरकं धरून शोधावी लागते.

सादाकाझू (१८३६-१९१८) हा मात्र एकच, नक्की माहीत असलेला माणूस. १८७६ मध्ये सरकारनं कमरेला तलवार लावायला बंदी केली तेव्हा तो चाळिशीचा. कित्येक लोहारांचा धंदा बसला. हा घडवत राहिला आणि १९०६ मध्ये राजदरबारचा कलाकार म्हणून नेमला गेला. गास्सान घराण्याची खूण आयासुगी: पोलादात एकसारख्या लाटा, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. पण तो इतर जुन्या पद्धतींतही घडवायचा, म्हणून लाटा दिसल्या नाहीत एवढ्यावरून पातं खोटं ठरवू नका. पात्यावरचं कोरीव कामही त्याच्या हातचं नावाजलेलं. शिवाय माल धडधाकट: घासणी कमी झालेली, जाडी जवळपास मूळची. विद्या घरातच राहिली; नातू सादाइची १९७१ मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरला.

कागदांचा घोळ दोन्हीकडे सारखाच. ‘तोरोकुशो’ हा जपानमधला सरकारी नोंदणीचा कागद. त्यावर लांबी आणि सही लिहिलेली असते, सही खरी आहे असं तो म्हणत नाही. त्यासाठी जपानी कला-तलवार जतन संस्थेचं ‘होझोन’ किंवा त्याच्या वरचं ‘तोकुबेत्सु होझोन’ प्रमाणपत्र पाहा. जपानबाहेर न्यायला तिथल्या सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते. भारतात आणणार असाल तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात खंजीर शस्त्रांतच मोडतो, तेव्हा परवान्याचं पैसे भरण्याआधी बघा.

माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीला सादाकाझू. पातं मुळात कसं होतं ते त्याच्यात जवळपास पूर्ण दिसतं. पुढे एखादं झिजलेलं जुनं पातं हातात आलं की काय गेलंय ते ओळखता येतं. पूर्ण नावाचा, प्रमाणपत्र असलेला, चीर नसलेला सुकेसादा तेवढ्याच पैशांत मिळत असेल तर मी मत बदलीन, पण त्याआधी विक्रेत्याला मूठ पुन्हा एकदा उतरवायला लावीन. आणि कुठलाही घेतलात तरी नाकागोवरचा काळपट गंज चकचकीत करायला जाऊ नका. वय ओळखायला तोच गंज लागतो.