दुधावरचं पोषण सेशन आणि डबल टोन्ड पिशवी: घरच्यांना घेऊन जा!

आमच्या ठाण्याच्या सोसायटीत एका डाएटिशियन ताईंनी दुधावर सेशन घेतलं, फी अगदी नाममात्र होती, आणि एरवी अशा ठिकाणी हे खाऊ नका ते खाऊ नका एवढंच ऐकायला मिळतं पण हे इतकं मस्त झालं की लिहिल्याशिवाय राहवेना.

ताईंनी टेबलावर वजनकाटा आणि साजूक तुपाचा डबा मांडला. फुल क्रीम दुधात 6 टक्के फॅट, म्हणजे लिटरमागे साधारण 60 ग्रॅम, तेवढं तूप वाटीत काढून दाखवलं. मग टोन्डचं 30 ग्रॅम, डबल टोन्डचं 15. तिन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवल्यावर आमच्या सासूबाई खुर्चीतून उठून पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, एवढं?" मी कोलेस्टेरॉलचं कितीदा समजावलं असेल पण त्या वाट्यांनी जे केलं ते मला जमलं नव्हतं.

"टोन्ड म्हणजे पाणी घातलेलं दूध ना?" असं एका काकांनी विचारलं, त्यावर ताईंनी छान सांगितलं की ही पद्धत आपल्या मुंबईतलीच, 1946 मध्ये दारा खुरोडींनी आणली, म्हशीच्या घट्ट दुधात स्किम्ड (फॅट काढलेल्या दुधाची) पावडर आणि पाणी मिसळून, म्हणजे दूध जास्त लोकांना पुरतं. ही भेसळ नाही, फॅट आणि बाकीचे घन पदार्थ किती हवेत ते नियमाने ठरलेलं आहे. प्रोटीन, कॅल्शियम जवळपास तेवढंच मिळतं. फॅटबरोबर ए आणि डी व्हिटॅमिन मात्र कमी होतात म्हणून पिशवीवर 'प्लस एफ'चं, म्हणजे वरून व्हिटॅमिन घातल्याचं, चिन्ह बघून घ्यायचं. आणि 2 वर्षांखालच्या बाळांना हे कमी फॅटचं दूध नाही, हे त्यांनी परत परत बजावलं ते फार बरं केलं.

आता घरी डबल टोन्डच येतं. चहात काहीच फरक कळत नाही. दही जरा पातळ लागतं, पण विरजताना चमचाभर स्किम्ड मिल्क पावडर घातली की छान घट्ट लागतं. खरी अडचण सायीची, साय धरतच नाही म्हटल्यावर घरचं तूप कढवणार कशाचं? ताईंचं उत्तर मला पटलं, तूप वेगळं आणा आणि वरणभातावर मोजून घ्या, निदान किती खाल्लं ते तरी कळेल. पिशवी स्वस्तही पडते.

एकच खटकलं, लो फॅट म्हणून विकतात त्या फ्लेवर्ड योगर्टमधल्या साखरेबद्दल ताई घाईत बोलल्या, खरंतर मुलं हट्ट त्याचाच करतात, त्यावर अजून वेळ द्यायला हवा होता.

5 पैकी साडेचार स्टार. ज्याच्या हातात घरचा दुधाचा हिशोब आहे त्याला नक्की घेऊन जा. बासुंदी करायची असेल त्या दिवशी मात्र सरळ फुल क्रीम आणा, डबल टोन्ड कितीही आटवलं तरी ती चव येत नाही.