नमस्कार, आभार, येतो हां: लहान मुलांना सांकेतिक भाषेतले शिष्टाचार कुठून शिकवावेत?

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला खुणांच्या भाषेतून नमस्कार, आभार, माफी शिकवायची म्हटलं की पालकांपुढे आणि अंगणवाडीताईंपुढे तीन वाटा असतात. मोबाइलवरचे व्हिडिओ, भिंतीवरचा तक्ता किंवा चित्रकार्डं, आणि प्रत्यक्ष येऊन शिकवणारी कर्णबधिर व्यक्ती. त्यातली एक निवडताना आधी एवढं पाहा, की मुलाने केलेल्या खुणेला रोज उत्तर कोण देणार? अभिवादन ही दोघांची गोष्ट आहे. समोरून उत्तर आलं नाही तर मूल ती खूण आठवड्याभरात सोडून देतं.

मूल स्वतः कर्णबधिर असेल, तर प्रत्यक्ष व्यक्तीला पर्याय नाही. महिन्यातून दोनदाच जमलं तरी चालेल, मधल्या दिवसांत व्हिडिओची जोड द्यावी. मूल ऐकणारं असेल आणि वर्गातल्या किंवा शेजारच्या कर्णबधिर सवंगड्याशी बोलता यावं एवढाच हेतू असेल, तर व्हिडिओवर सुरुवात करायला हरकत नाही. तक्ता एकटा कुणालाच पुरत नाही.

व्हिडिओ

सर्वांत मोठी चूक इथेच होते. शोधताना वर येणारे बरेचसे ‘बेबी साइन’चे व्हिडिओ अमेरिकी सांकेतिक भाषेतले असतात. आपल्याकडची भाषा वेगळी आहे. बोटांनी लिहायची इंग्रजी अक्षरं अमेरिकेत एका हाताने करतात, भारतीय पद्धतीत दोन हातांनी. शिवाय अमेरिकी पद्धतीत ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ या दोन्ही खुणा छातीवर गोल हात फिरवून होतात, फरक फक्त उघडा तळवा की मूठ एवढाच. लहान मुलाला खुणेची जागा आधी जमते आणि हाताचा आकार सगळ्यात शेवटी, त्यामुळे या दोन खुणांची हमखास गल्लत होते. असा संच शिकलेलं मूल रत्नागिरीतल्या किंवा कुडाळातल्या कर्णबधिर माणसासमोर उभं राहिलं, तर त्याच्या काही खुणा त्या माणसाला कळणारच नाहीत.

म्हणून शोध भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशातच घ्यावा. दिल्लीतलं हे केंद्र 2015 साली सुरू झालं. 2021च्या तिसऱ्या आवृत्तीत शब्दकोश दहा हजार शब्दांवर पोहोचला, आणि 2022पासून तो ‘साइन लर्न’ या ॲपवरही आहे. ॲपवर मराठी शब्द टाकून अडलात तर हिंदी किंवा इंग्रजी शब्द टाका. एकेक शब्द काही सेकंदांचा असतो. वेग निम्म्यावर आणून आधी मोठ्यांनी आरशासमोर पाच-सहा वेळा करावा, मगच मुलासमोर. पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही जातात, तेव्हा लागणारे सात-आठ व्हिडिओ मे महिन्यातच फोनवर उतरवून ठेवावेत.

व्हिडिओची खरी उणीव पडद्याच्या दिशेत आहे. पडद्यावरचा तळवा मुलाकडे वळलेला दिसतो, आणि मूल जसं दिसतं तसं करतं, म्हणजे स्वतःचा तळवा स्वतःकडे वळवतं. ‘टाटा’ करताना बाळं उलटा हात हलवतात ते यामुळेच. उपाय सोपा आहे. समोरासमोर बसू नका. मुलाला मांडीवर किंवा शेजारी घ्या आणि दोघांनी आरशात पाहून करा. मूल डावखुरं असेल तर डावा हात मुख्य धरून खूण केली तरी ती बरोबरच असते.

तक्ता आणि कार्डं

चित्रात हालचाल दिसत नाही. ‘आभार’ म्हणजे हनुवटीपाशी टेकलेला सपाट हात समोर येतो. कार्डावर मात्र हात हनुवटीला चिकटलेला, शेजारी एक बाण. चार वर्षांच्या मुलाला त्या बाणाचा अर्थ लागत नाही, ते हात तिथेच ठेवून बसतं. तक्त्याचा उपयोग मोठ्यांना आठवण म्हणून. दाराच्या आतल्या बाजूला, मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावा, आल्या-गेल्याला दिसेल.

प्रत्यक्ष शिकवणारी कर्णबधिर व्यक्ती

ही वाट महाग नाही, पण शोधावी लागते. जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेचे माजी विद्यार्थी किंवा कर्णबधिरांच्या संघटना इथून सुरुवात करावी. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही वाचा आणि श्रवणदोष असलेल्यांसाठीची संस्था 1983पासून या क्षेत्रात आहे. चाकरमानी नातेवाईक मुंबईत असतील तर चौकशीचं काम त्यांच्यावर सोपवता येतं.

व्हिडिओतून न मिळणाऱ्या काही गोष्टी या व्यक्तीकडून मिळतात. पहिली चेहरा. ‘पाणी हवं’ आणि ‘पाणी हवं का?’ यांत हात तेच राहतात, प्रश्न भुवया उंचावून होतो. घरी आलेल्याला गूळ-पाणी विचारायला शिकवताना भुवया उंचावायच्या राहिल्या, तर मूल विचारत नाही, मागतंय असं दिसतं. दुसरी वाक्याची रचना. नाव विचारताना प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, ‘नाव तुझं काय’. मराठी मुलाला ते सहज बसतं. तिसरी नावाची खूण. चार वर्षांच्या मुलाकडून बोटांनी अक्षरं करून घेण्यात अर्थ नाही. कर्णबधिर समाजात माणसाला त्याच्या एखाद्या वैशिष्ट्यावरून खूण-नाव मिळतं, आणि ते कर्णबधिर व्यक्तीनेच द्यायचं असतं, आपण घरी बसून ठरवायचं नसतं.

चौथी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे या भाषेचे स्वतःचे शिष्टाचार. आपण मुलांना मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला शिकवतो. इथे नजर वळवणं म्हणजे ऐकणं थांबवणं, तो उद्धटपणा ठरतो. लक्ष वेधायला खांद्यावर हलकी थाप द्यायची किंवा समोर हात हलवायचा. बोलणाऱ्याचे हात धरायचे नाहीत. दोघांच्या मधून जावं लागलं तर रेंगाळायचं नाही. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे. शब्दांच्या आधी हे शिकवलं तर मूल कर्णबधिर माणसांत लवकर मिसळतं.

शिक्षकाची खूण शब्दकोशापेक्षा वेगळी निघू शकते, कारण शब्दसंपत्ती गावोगाव बदलते. अशा वेळी स्थानिक खूण धरावी. मुलाला भेटणार ती माणसं तीच वापरतात.

कोणत्या खुणेपासून सुरुवात

‘आभार’पासून नको. आपल्या घरात आजीला कुणी आभार मानत नाही, त्यामुळे ती खूण वापरलीच जात नाही. जोडलेल्या हातांचा नमस्कार आधी घ्या. तो सांकेतिक भाषेतही तसाच आहे आणि दारात येणारा प्रत्येक जण त्याला उत्तर देतो. मग ‘ये, बस’, ‘पाणी हवं का’, आणि त्यानंतर आभार, माफी, निरोप. निघताना आपण ‘येतो हां’, मालवणीत ‘येतंय हां’ म्हणतो. त्याची ‘ये’ अशी शब्दशः खूण केली तर समोरच्याला बोलावल्यासारखं होईल, म्हणून निरोपाची किंवा ‘पुन्हा भेटू’ची खूण करावी.

आठवड्याला दोन खुणा, दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटं. खाऊ देताना लाडू स्वतःच्या चेहऱ्याजवळ धरा, मुलाने वर पाहिलं की खूण करा, मग द्या. कर्णबधिर मुलाला वस्तू आणि हात एकाच वेळी पाहता येत नाहीत. खूण केल्याशिवाय खाऊ द्यायचाच नाही, ही अट मात्र घालू नका. मुलाला ती भाषा न वाटता दाबायचं बटण वाटू लागते. आकार वेडावाकडा झाला तरी जागा बरोबर असेल तर उत्तर द्या, बोटं पुढे आपोआप सुधारतात. खुणांमुळे मूल बोलणार नाही ही भीती निराधार आहे. ऐकणारं मूल खुणांमुळे लवकर बोलू लागतं, या जाहिरातीलाही भक्कम आधार नाही.

शिक्षकाला पावसाळ्यात बोलावणार असाल तर वेळ सकाळची ठेवा. दुपारी ढग भरले की पडवीत अंधार होतो आणि हात दिसत नाहीत. शिकवणाऱ्याने उघड्या दाराकडे पाठ करून बसू नये, चेहरा काळा पडतो. त्याचं तोंड दाराकडे, आणि मुलांची पाठ दाराकडे.