रक्तदाब शिकताना: पारा की डिजिटल?
बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डिजिटल यंत्र आहे. तरी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीला मी आधी पाऱ्याचेच यंत्र हाताळायला सांगतो. दंडाला बांधलेल्या पट्ट्यातील हवा सोडताना, पारा दर सेकंदाला साधारण 2 मिलिमीटर उतरत असता, स्टेथोस्कोपमध्ये उमटणारा पहिला ठोका म्हणजे वरचा दाब आणि आवाज विरतो तो खालचा, ही रशियन डॉक्टर कोरोत्कॉफने 1905 मध्ये मांडलेली पद्धत कानानेच अंगवळणी पडते. डिजिटल यंत्र ठोके ऐकत नाही. पट्ट्यातील हवेच्या कंपनांवरून ते दोन्ही आकडे गणिताने काढते, म्हणून नाडी अनियमित असल्यास चुकू शकते. पारा विषारी, हे मात्र खरे. आमची नळी फुटली तेव्हा फरशीच्या फटींत थेंब शोधत बसावे लागले. पट्टा दंडाला तोकडा असेल, तर दोन्ही यंत्रे आकडा वाढवूनच दाखवतात.