पश्चिमेस व्हाळ

आमच्या खरेदीखताच्या तिसऱ्या पानावर चतुःसीमा लिहिलेल्या आहेत. पूर्वेस अमुक सर्व्हे नंबर, दक्षिणेस तमुक, उत्तरेस सामाईक पायवाट आणि 'पश्चिमेस व्हाळ'. व्हाळ म्हणजे ओढा, घाटावरच्यांसाठी सांगते. सही करण्याआधी हे पान मी दोनदा वाचलं होतं. एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ लोकांचे तारणाचे कागद तपासण्यात, त्यामुळे कागद दिसला की वाचायचाच ही सवय. पण जी बाग आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी फिरून आलो होतो, तिच्या पश्चिमेला व्हाळ नव्हताच, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. तिथे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण होतं आणि गडग्यापलीकडे डांबरी रस्ता.

या एका ओळीला आम्ही तेरा लाख वीस हजार मोजले.

2020 चा लॉकडाऊन आम्ही ठाण्यात दोन खोल्यांत काढला. हे नुकतेच निवृत्त झालेले, माझी दोन वर्षं आधीच झालेली. त्या दिवसांत ज्याला त्याला गावाकडे जमीन हवी होती. आम्हाला कोकणात कोणी नाही, माझं माहेर वाई तालुक्यातलं. तिथल्या अकरा गुंठ्यांना वारस म्हणून माझं नाव लागलेलं आहे. कुळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून खरेदी माझ्या नावावर करायचं ठरलं. एजंटाने पहिल्याच फोनवर विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे? तुमच्या की साहेबांच्या?" किती व्यवस्थित माणूस, असं मला वाटलं. नको तिथे कौतुक करायची माझी खोडच आहे.

नोव्हेंबरात तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीला उतरलो. एजंट गाडी घेऊन स्टेशनवर हजर. तिथून दोडामार्गच्या बाजूला तासाभरावर ते गाव. वाटेत केरळी शेतकऱ्यांच्या रबराच्या बागा लागतात, झाडाझाडाला काळी वाटी बांधलेली. मग अननस, केळी, सुपारी आणि चढावर काजू. आम्ही नुसते बघत राहिलो. गाडी थेट बागेच्या फाटकाशी थांबली. आत मांगर, म्हणजे बागेतलं छोटं घर, विहीर आणि मांगराची किल्ली कनवटीला लावलेला राखणदार. "येवा, वैनीनू," म्हणाला आणि त्याने कळशीतलं पाणी दिलं. काजूला नुकता मोहोर फुटत होता. एजंट म्हणाला, वेंगुर्ला 4 आणि वेंगुर्ला 7, सव्वाशे कलमं. आमचे हे हिशेबी. त्यांनी रांगा मोजल्या, एकशे एकवीस भरली. सात बाय सात मीटरवर लावली की एकरी ऐंशीच्या आसपास बसतात, दीड एकरात सव्वाशे. हिशेब जुळला म्हणून हे खूश. हिशेब बरोबरच होता, जमीन दुसऱ्याची होती.

त्या दिवशी आम्ही त्या गावाला गेलो असं मी आजही म्हणत नाही. एजंटाच्या गाडीतून गेलो, गाडीतूनच परत आलो. चहाच्या टपरीवर थांबू म्हटलं तर, "कोरोना आहे, नको," म्हणाला. जेवण त्याच्या ओळखीच्या खानावळीत, सावंतवाडीत. गावातल्या एकाही माणसाशी आम्ही बोललो नाही. राखणदाराशी बोललो, आणि त्याला या कामाचे दोन हजार मिळाले होते असं नंतर कळलं.

सातबारा मी ऑनलाइन स्वतः काढला. डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांत. खरा होता. क्षेत्र 0.61.00, म्हणजे साठ गुंठे. पण लागवडीयोग्य फक्त 0.17.00 आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य, 0.44.00. खाली पिकांच्या नमुना बारामध्ये काजूचं नाव नाही, 'गवतपड'. मी विचारलं. एजंट हसला. "वैनी, ह्यो जुनो रेकॉर्ड. पिकाची नोंद हयसर कोण करीत बसता?" हे अगदीच खोटंही नाही, कोकणात झाडं वाढून म्हातारी होतात तरी सातबारा गवतच सांगत असतो. म्हणून पटलं. सातबारा जुना असतो हे खरं, पण तो नेमका तुमच्या फायद्याच्या बाजूने जुना आहे असं जेव्हा विकणारा सांगतो, तेव्हा थांबायला हवं होतं. कातळाला पोटखराब म्हणतात, मोहोर आलेल्या बागेला नाही.

मोजणीचं मी काढलं होतं. तर म्हणाला, "मोजणी कशाक व्हयी? गडगो दिसता मा समोर? हयसर शब्दाक किंमत आसा." शिवाय कोरोनाने मोजण्या खोळंबल्या आहेत, साधी मोजणी लागायला वर्ष जाईल, वगैरे. मोजणीचा अर्ज सातबाऱ्यावर नाव असलेल्यानेच करायचा असतो, घेणाऱ्याला करता येत नाही. विकणारा टाळत असेल तर घेणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते, पैसे न देणं. ती आमच्या हातात होती, आणि आम्ही सोडली.

कारण 31 डिसेंबर. त्या वर्षी सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत सरकारने मुद्रांक शुल्कात 3 टक्के सवलत दिली होती. एजंट रोज फोन करायचा, "आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात." आपण चोवीस हजार वाचवतोय, या आनंदात आम्ही धावलो. आता विचार करते तेव्हा जास्त लाज याची वाटते की दस्तावर सही झाल्यापासून नोंदणीला हजर करायला कायद्यानेच चार महिने मिळतात. सवलतीसाठी शुल्क भरून सही पुरे होती. निम्मे पैसे मागे ठेवून, मोजणी करून, मग उरलेलं देता आलं असतं. हे मला बँकेत असल्यापासून माहीत होतं. घाईत माहिती असून उपयोग नसतो, एवढंच.

आणि आता जे लिहिते ते लिहायला सगळ्यात जड जातंय. तेरा लाख वीस हजारांपैकी खरेदीखतात आठ लाख दाखवले. पाच लाख वीस हजार रोख दिले, कुडाळमध्ये एका लॉजच्या खोलीत, पिशवीतून. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार आणि त्यावरची रक्कम रोखीने देता-घेता येत नाही, हे मी काउंटरच्या अलीकडे बसून किती जणांना ऐकवलंय. पुढे पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो याच रकमेचा, "पुरावा काय?" पुरावा काहीच नव्हता. आमच्यासारखे लोक तक्रारीला कचरतात याचं निम्मं कारण हेच असतं, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. रोख मागण्यामागे टॅक्स वाचवण्यापेक्षा तुमचं तोंड बंद करणं हाच मोठा हेतू असावा, असं मला आता वाटतं.

29 डिसेंबरला नोंदणी झाली. कार्यालयात मुंगीला वाट नव्हती. फोटो, अंगठे, सह्या. दस्त नोंदला म्हणजे सरकारने जमीन तपासली, अशी आपली समजूत असते. तिथे फक्त दस्त नोंदतात. विकणारा खरा मालक आहे का, जमीन नक्की कुठे आहे, हे बघणं त्यांचं काम नाही.

मार्चमध्ये काजू गोळा करायला गेलो. या वेळी एजंट फोन उचलेना, म्हणून एसटीने. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "कोणाकडे?" मी कौतुकाने सांगितलं, आम्ही इथे बाग घेतली, अमक्या वळणावरची, मांगर आहे ती. पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. एक म्हणाली, "ती विकली?" दुसरी काही बोलली नाही. नोव्हेंबरात एसटीने आलो असतो तर ही दोन शब्दांची चौकशी तेव्हाच झाली असती.

फाटक उघडं होतं. आत गोणपाट अंथरलेलं, त्यावर बोंडं आणि बिया वेगळ्या करत चार माणसं बसलेली. एक म्हातारे गृहस्थ उठले. "कोणाकडे इलास?"

मी खरेदीखत काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, सर्व्हे नंबर बघितला आणि आधी आम्हाला मांगराच्या पडवीत बसवलं. पाणी आलं, गुळाचा खडा आला. मग म्हणाले, "ही बाग माजी. कलमां माज्या हातान लायलंय. पावसाळो सरलो की मी झिलाकडे म्हापशाक आसतंय, काजीच्या टायमाक येतंय." थोडं थांबून, "तुमका फसवल्यानी."

त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर सरकारी भूनकाशा उघडला. आपण उभे होतो तो नंबर वेगळा, आमचा नंबर वर डोंगराकडे. त्यानेच नेलं. वीस मिनिटं चढ, शेवटी पायवाटही संपली. वर कातळ. काळा, तापलेला, मधे मधे करवंदीच्या जाळ्या आणि वाळलेलं गवत. खाली उतारावर थोडी मातीची पट्टी, तीच ती सतरा गुंठे. तिच्या पश्चिमेला कोरडा पडलेला दगडगोट्यांचा पट्टा. पुतण्या म्हणाला, "ह्यो तुमचो व्हाळ." त्याने मुद्दाम नाही म्हटलं, पण हे तिथेच एका दगडावर बसले. हा भूनकाशा फुकट आहे, कोणालाही उघडता येतो. नोव्हेंबरात त्या गडग्यात उभं राहून मी तो उघडला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मोजणीची सर त्याला नाही, हद्दीत दहा-वीस फूट इकडेतिकडे होईल, पण डोंगर आणि रस्ता यांत गोंधळ होत नाही. उतरताना पुतण्याने हत्तींचंही सांगितलं. 2002 पासून कर्नाटकातून उतरलेले हत्ती तिलारीच्या खोऱ्यात आहेत, केळी-सुपारी मोडतात. हेही एजंटाच्या तोंडून कधी आलं नव्हतं. अर्थात आमच्या कातळावर हत्ती तरी कशाला येईल.

तरी कातळ का होईना, आपला आहे असं वाटत होतं. तेही नव्हतं. सातबाऱ्यावर अकरा नावं होती. विकणाऱ्याने स्वतःसाठी आणि मुंबईतल्या बाकीच्यांच्या वतीने मुखत्यारपत्रावर सही केली होती. पत्र नोंदणीकृत, नीट. फक्त ते देणाऱ्यांपैकी एक भाऊ 2017 मध्येच वारला होता. देणारा गेला की त्याच्यापुरतं ते पत्रही संपतं. सातबाऱ्यावर माझं नाव लावायच्या फेरफाराची नोटीस निघाली, पंधरा दिवसांत त्याच्या मुलींनी हरकत घेतली, त्यांचं काहीच चुकलं नाही. नोंद तक्रारी रजिस्टरला गेली आणि रद्द झाली. सातबाऱ्यावर आजही माझं नाव नाही, त्यामुळे आम्हाला मोजणीचा अर्जही करता येत नाही. बँकेत मी मुखत्यारपत्र आलं की देणारा हयात आहे का, याचा दाखला मागायचे. एकदा नाही, प्रत्येक वेळी.

एजंट नंतर एकदाच फोनवर सापडला. शांत होता. म्हणाला, "वैनी, मी काय चुकीचं विकलं? सातबारा तुम्ही काढलात, चतुःसीमा तुम्ही वाचलीत, सही तुमची. बाग दाखवली असं कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नाही. फोटो आहेत, त्यात आम्ही दोघं कलमांमध्ये हसत उभे आहोत. गडग्याचा, फाटकाचा फोटो आहे. एजंट एकाही फोटोत नाही, फोटो तोच काढत होता.

पोलिसांनी सुरुवातीला "दिवाणी बाब" म्हणून परत पाठवलं, गुन्हा नोंदवून घ्यायला सात महिने गेले. दिवाणी दाव्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. आम्ही लाजेने आणि भांडणांनी अडीच वर्षं घालवली आणि 2024 च्या सुरुवातीला कसाबसा दाखल केला. सावंतवाडीला तारखेला जातो तेव्हा त्या म्हाताऱ्यांकडे एक चक्कर होते. ते मे महिन्यात दोन किलो काजूबिया देतात, पैसे घेत नाहीत. त्यांनी राखणदार बदलला आणि फाटकावर स्वतःचं नाव रंगवून घेतलंय.

गेल्या महिन्यात भाचीने फेसबुकवरची एक जाहिरात पाठवली. 'रोड टच काजू बाग, विहीर, मांगर, निसर्गाच्या कुशीत.' फोटो जुना, नाव रंगवण्याआधीचा, पण गडगा तोच आणि विहिरीवरचा तुटका रहाटही तोच. गुंठ्याला अठ्ठावीस हजार. मी नंबर लावला. आवाज नवा होता, तरुण. विचारलं, बयाण्याआधी मोजणी करून द्याल का?

"आदी बगून तरी घेवा, वैनीनू," तो म्हणाला. "गाडी स्टेशनार पाठवतंय."