मिसिरलू : काही महिने वाजवल्यावर आणि ऐकवल्यावर

गिटारचा, पेडलचा, अ‍ॅम्पचा अनुभव सगळेच लिहितात. मी एका धुनेचा लिहितोय. 'मिसिरलू' गेले काही महिने माझ्या रोजच्या रियाजात आहे. घरी, मित्राच्या गच्चीवर, लहानशा कॅफेत, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जमलेल्या नातेवाईकांपुढे, जिथे गिटार घेऊन बसलो तिथे ती वाजवली. वाजवताना मान खाली असते, पण वाजवून झाल्यावर लोकांचे चेहरे दिसतात आणि ते काय बोलतात ते कानावर येतं. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: ही धून वेगामुळे लोकांना वळून बघायला लावते, पण त्यांना जागेवर धरून ठेवतात ते तिचे सूर. गिटार शिकणाऱ्याने ती जरूर घ्यावी, आणि आधी संथ लयीत घ्यावी.

ज्यांना नावावरून लक्षात येणार नाही त्यांच्यासाठी: 1994 च्या 'पल्प फिक्शन' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीला जी गिटार सुसाट सुटते, ती हीच. वाजवणारा अमेरिकन गिटारवादक डिक डेल, ध्वनिमुद्रण 1962 चं. त्याचं खरं नाव रिचर्ड मन्सूर, वडील मूळचे लेबनीज. डेल स्वतः लाटांवर स्वार होणारा माणूस होता. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआ इथल्या राँदेव्हू बॉलरूममध्ये तो वाजवायचा, तेव्हा समुद्रावरून थेट आलेली पोरं तिथे नाचायला गर्दी करत. पाण्याचा जो जोर अंगावर घेतला तोच तारेतून काढायचा, हा त्याचा ध्यास. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरने त्याच्यासाठी अ‍ॅम्प आणि स्पीकर पुन्हा पुन्हा मोठे करून दिले, कारण आधीचे त्याच्या आवाजापुढे टिकत नव्हते. 15 इंची स्पीकर आणि फेंडर शोमन अ‍ॅम्प यांची जोडी त्यातूनच आली.

एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवता येईल का, असं एका पोराने डेलला विचारलं, आणि त्याला आपल्या काकांचं ऊद, म्हणजे छेडून वाजवायचं अरबी तंतुवाद्य, आठवलं. काका लेबनीज समारंभांत 'मिसिरलू' वाजवायचे. ही हकीकत डेल स्वतः सांगत असे. काकांची संथ चाल त्याने घेतली आणि तिला ढोलाच्या गतीने पळवलं.

वाजवणाऱ्यांसाठी थोडं हाताबद्दल. मुख्य चाल सगळ्यात जाड तारेवर बसते. उघडी तार षड्ज धरली तर पहिला पडदा (फ्रेट) कोमल रिषभ, चौथा शुद्ध गंधार, पाचवा मध्यम, सातवा पंचम, आठवा कोमल धैवत, अकरावा शुद्ध निषाद. एका ठोक्यात चार आघात, पिक वर-खाली सारखा चालू. कोपरातून जोर लावला तर पहिलं आवर्तन संपायच्या आत दंड भरून येतो. मनगट सैल ठेवून, तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, अगदी हलकी टेकवली तर आघात सुटे ऐकू येतात. नेहमीच्या 10 ते 46 च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) संचातली जाड तार एवढ्या माराला थरथरते आणि जोरात मारल्यावर सूर क्षणभर चढतो. मी एक माप जाड संच लावला आणि चढलेला सूर जागेवर आला. डेल तर 16 ते 60 चा संच लावायचा. शिवाय तो डावखुरा, आणि उजव्या हाताच्या लोकांसाठी तारा लावलेली गिटारच उलटी धरायचा, म्हणजे जाड तार त्याच्या हाताखाली सगळ्यात खालच्या बाजूला. पिक जाडच घ्या. माझ्या पिकांची टोकं घासून गोल होतात आणि गिटारच्या अंगावर पांढरी भुकटी साचते. दर रियाजानंतर ती पुसून काढणं हा आता नेमच झाला आहे.

रिव्हर्बबद्दल, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या परिणामाबद्दल, अनेक जण विचारतात. सर्फ, म्हणजे डेलसारख्या लाटांवरच्या पोरांचं गिटारसंगीत, म्हटलं की स्प्रिंग रिव्हर्बचा ओला, घुमणारा आवाज डोळ्यांपुढे येतो. पण डेलचं 1962 चं मुद्रण कानाला हेडफोन लावून ऐका, लोक समजतात त्यापेक्षा ते बरंच कोरडं आहे. खूप रिव्हर्ब ओतला की प्रत्येक ठोक्यातले चार आघात एकमेकांत मिसळून जातात आणि नुसती गुणगुण उरते. मी तो अगदी कमी ठेवतो.

आता ऐकणाऱ्यांकडे येतो. सगळ्यात लवकर ओळखतात ते चाळीशीच्या आसपासचे. पहिल्या घसरत्या सुरालाच "अरे, पल्प फिक्शन!" येतं. त्यांच्याहून लहान असलेल्यांना ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाचं 'पम्प इट' आठवतं, 2005 च्या अल्बममधलं. त्याच्या मुळाशी हीच गिटार आहे, आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत ते इतकं वाजलं की मुलं गिटारवर त्याचेच शब्द म्हणायला लागतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी: ओळख पटली की ऐकणं संपतं. चेहरा खुलतो, मोबाइल निघतो, बोलणं सुरू होतं. चित्रपटाने या धुनेला दुसरा जन्म दिला हे खरंच, डेललाही त्या चित्रपटामुळे नवे श्रोते मिळाले आणि 2019 मध्ये जाईपर्यंत तो मंचावर वाजवत राहिला. तरी मला वाटतं, ती ओळख धुनेच्या आड येते.

म्हणून मी ती संथ वाजवायला लागलो. मेट्रोनोम निम्म्याहून खाली आणला, एका सुरावर चाराऐवजी एकच आघात, आणि मुख्य म्हणजे कोमल रिषभावरून गंधारावर जाताना घाई नाही. तो पल्ला तीन पडद्यांचा आहे. बोट पहिल्या पडद्यावरून चौथ्यावर सरकतं, मधले दोन सूर गाळले जातात, आणि नेमकं तिथे खोलीत काहीतरी बदलतं. कोण गात होतं ते थांबतं, कोण चहा ओतत होतं ते ओतायचं थांबतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्या जागेची वाट बघतो.

आमच्या मावशी हार्मोनियम वाजवतात, त्यांनी कित्येक वर्षं भजनी मंडळाला साथ केली आहे. त्यांच्यापुढे ही संथ चाल वाजवली. डोळे मिटून बसल्या होत्या. पहिली ओळ संपल्यावर म्हणाल्या, "स्वर भैरवाचे आहेत रे." मी पुढे वाजवत राहिलो. दुसरी ओळ झाल्यावर मान हलवली. "पण भैरव नाही हा. रिषभ-धैवतावर आंदोलन कुठंय? तू सरळ उभा राहतोयस त्यांच्यावर." मग पेटी ओढली, पांढरी तीन धरली, आणि माझ्याबरोबर वाजवायला लागल्या. दुसऱ्या भागात धून मध्यमावर जाऊन बसते, जणू तोच आता षड्ज. तिथे त्यांनी भाता थांबवला. "इथे घर बदललं," एवढंच बोलल्या, आणि तो भाग मला तीनदा वाजवायला लावला. एवढं नेमकं निरीक्षण गिटारवाल्यांकडून मी कधी ऐकलं नाही. सा रे ग म प ध नी, त्यात रे-ध कोमल, बाकी शुद्ध: भैरव थाटाचं आणि कर्नाटक संगीतातल्या मायामाळवगौळ रागाचं सप्तक हेच आहे. पाश्चात्त्य लोक त्याला डबल हार्मोनिक म्हणतात, अरब आणि तुर्क हिजाझकार, आणि ग्रीसमधले रेबेतिको (तिथलं शहरी लोकसंगीत) वाजवणारे हित्झाझक्यार.

ग्रीसमध्येच ही धून जन्मली असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पूर्व भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने ती ग्रीक, तुर्की, अरबी, ज्यू अशा सगळ्यांत फिरत होती. पण पहिलं ज्ञात मुद्रण ग्रीक आहे: 1927, थिओदोतोस दिमित्रियादिस, इस्तंबूलमध्ये वाढलेला आणि अमेरिकेत गेलेला गायक. साधारण 1930 च्या सुमारास मिखालिस पात्रिनोसने ती अथेन्समध्ये त्सिफ्तेतेली या नाचाच्या संथ चालीवर गायली. काळ लक्षात घ्या. 1922 मध्ये स्मिर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) जळलं, 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि लाखो निर्वासित आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आले. त्यांच्याबरोबर त्यांची वाद्यं आणि त्यांचे सूर आले, आणि बंदराकाठच्या वस्त्यांत रेबेतिको फुललं. 1936 नंतर ग्रीसचा हुकूमशहा मेताक्सास याच्या राजवटीने याच सुरांवर 'पूर्वेकडचे' म्हणून बंधनं घातली. 2017 मध्ये युनेस्कोने रेबेतिको मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या समारोपात गायिका आना व्हिसीने हीच धून गायली, तोवर ती कोणाची हा प्रश्न ग्रीकांपुरता तरी सुटलेला होता.

हे सगळं मला पुस्तकी वाटलं असतं, पण आमच्या कामावर काही आठवड्यांसाठी थेस्सालोनिकीहून एक सहकारी आली होती. तिच्यापुढे मी आधी डेलची चाल वाजवली. ती हसली, टाळ्या वाजवल्या, आणि म्हणाली, छान आहे, पण यात पाय टाकायला जागाच नाही. मग संथ वाजवली. तिने तळवा टेबलावर आपटून पहिला ठोका दिला, पुढचे बोटांनी, आणि खालच्या आवाजात शब्द म्हणायला लागली. मधेच थांबून सांगितलं, तिची पणजी स्मिर्नाहून आलेली, घरात हे गाणं कोणी शिकवलं नाही, ते आपोआप येत होतं. माझी लय तिला तरीही जलद वाटत होती. तिच्या हाताने मला आणखी खाली आणलं, इतकं खाली की दोन सुरांमधली शांतता ऐकू यायला लागली. त्या दिवसापासून माझी संथ लय तीच आहे.

जाता जाता एक गंमतीची गोष्ट. 1940-50 च्या दशकांत लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर फेटा बांधलेला, रत्न लावलेला कोर्ला पंडित नावाचा ऑर्गनवादक येई. एक शब्दही न बोलता तो कॅमेऱ्यात रोखून बघत वाजवायचा आणि 'मिसिरलू'ही वाजवायचा. आपण दिल्लीचे, असं तो सांगे. 1998 मध्ये तो गेल्यावर उघड झालं की तो मिसूरीचा कृष्णवर्णीय अमेरिकन होता. अमेरिकेच्या कानाला ही धून आधीच इतकी 'पूर्वेची' वाटत होती की ग्रीक, अरब, हिंदुस्थानी सगळं एकाच पेटीत टाकलं गेलं. 1946 मध्ये यान ऑगस्टचा पियानोही गाजला होता. निको रूबानिस या ग्रीक-अमेरिकन संगीतशिक्षकाने 1941 मध्ये तिची जॅझ चाल काढून आपलं नाव लावलं, ते आजही श्रेयात छापलं जातं. एका लोकधुनेला असा मालक मिळावा हे मला पटत नाही.

तक्रारीही सांगतो. एकट्या गिटारवर मधला भाग पडतो. डेलच्या मुद्रणात तिथे ट्रम्पेट येतो, पियानो येतो, आरोळ्या येतात. ते सगळं काढल्यावर ऐकणाऱ्यांचं लक्ष हमखास तिथेच उडतं. मी तो भाग आता सप्तक चढवून वाजवतो आणि ढोलकीवाला मित्र असेल तर त्याला सोडतो. ढोलकीवर हे फार चांगलं बसतं, लय दुप्पट केली तर लोक उठून उभे राहतात. दुसरी तक्रार मनगटाची. रोज भर वेगात वाजवलं तर अंगठ्याच्या मुळाशी कळ लागते. एक दिवस जलद, दोन दिवस संथ, असं ठेवलं की त्रास होत नाही. तिसरी, फ्लॅटमध्ये रात्री अ‍ॅम्पवर हे वाजवू नका. जाड तारेचा मार भिंतीतून आरपार जातो, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी दोनदा येऊन शांतपणे सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं.

लहान मुलांबद्दल लिहायचं राहिलं. त्यांना चित्रपट माहीत नसतो, राग माहीत नसतो. पाच-सहा वर्षांची मुलं जलद चालीला धावतात, अक्षरशः खोलीभर गोल गोल पळतात, आणि संथ चालीला जवळ येऊन तारेकडे बघत बसतात. एका मुलीने विचारलं, "ही तार रागावलीय का?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? तिने थोडं ऐकलं आणि म्हणाली, "नाही, शोधतेय काहीतरी." कोमल रिषभावरून गंधारावर बोट जात होतं तेव्हाच ती हे बोलली.

नव्याने घेणाऱ्याला माझा क्रम असा: आधी पात्रिनोस ऐका, मग यान ऑगस्ट, मग डेल. बीच बॉइज या गटाने 1963 मध्ये केलेली चाल डेलच्या आधी ऐकू नका, तिच्यात ती धार नाही. पहिले काही आठवडे पिक हातात न घेता बोटाने वाजवा, उघडी तार दीर्घ वाजत ठेवून तिच्यावर चाल काढा. रिषभ नेमका लागतोय का ते ट्यूनरवर नाही, पेटीवर तपासा. तारा जुन्या असतील तर सूर नेमका लागत नाही. नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, खाच पुरेशी खोल नसेल तर पहिल्या पडद्यावर सूर चढा बोलतो. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून ती एकदा घासून घ्या, पैसे फार लागत नाहीत. वेग त्यानंतर. आणि ऐकवायला बसलात की आधी संथ वाजवा, म्हणजे ओळख पटायच्या आत लोकांनी ती ऐकलेली असेल.