जर्मन पाणबुडी टाईप सेव्हन-सीचं मॉडेल किट (१:१४४) : घ्यावं का? सविस्तर रिव्ह्यू, कोल्हापूरहून

आधीच सांगतो, घ्या. दोन हजाराच्या वर जातंय आणि त्यात रंग, ब्रश, ग्लू काही धरलेलं नाही, तरी घ्या. पण नुसतं चिकटवून शोकेसमधे ठेवायचं असेल तर नका घेऊ, तेवढ्या पैशात दुसरं बरंच काय काय येतंय. या किटची खरी मजा म्हणजे एकेक भोक, एकेक फुगवटा कशासाठी होता ते बांधता बांधता कळत जातंय, आणि आतल्या कागदावर त्याबद्दल एक अक्षर नाही, नुसती चित्रं आणि बाण. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, ज्यांना इंटरेस्ट आहे त्यांनी निवांत वाचा.

घेतलं राजारामपुरीतल्या एका गल्लीतल्या दुकानातनं. बाहेरनं स्टेशनरीचं दुकान वाटतं, आत मागच्या रॅकवर विमानं, रणगाडे, जहाजं रचून ठेवलेली. काकांनी पैसे घ्यायच्या आधी स्वतःच टेप कापून डबा पुढं सरकवला, "बगा, सगळं नीट हाय का, मग पैसं द्या." ही पद्धत मला लई आवडली कारण ऑनलाईन मागवलं की डब्याचा कोपरा चेपून येतोय आणि आतला पेरिस्कोप मोडलेला असतोय, मग फोटो पाठवा, परत पाठवा, डोक्याला ताप. इथं सगळे भाग फ्रेमला लागलेले दिसले, डिकल शीट (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांचा कागद) पिवळी पडलेली नव्हती, म्हटलं पॅक करा.

मी फॅब्रिकेशनवाला, शिरोली एमआयडीसीत प्लेट रोलिंग-वेल्डिंगचं काम, त्यामुळं माझं पहिलं लक्ष हलवर, म्हणजे बोटीच्या धडावर. खरी बोट ६७.१ मीटर लांब, म्हणजे १४४ नं भागलं की साडेसेहेचाळीस सेंटीमीटर, आणि किटवर पट्टी लावली तर बरोबर तेवढीच भरली. पण बाहेर दिसतंय ते सगळं दाब सोसणारं नाही हे आधी समजून घ्या. आत एक नळकांडं असतंय, प्रेशर हल, जाडीला मधोमध ४.७ मीटर व्यासाचं आणि साधारण ५० मीटर लांब, माणसं-इंजिनं-बॅटऱ्या सगळं त्यात. बाहेरचा डेक, टोकदार नाक, निमुळती शेपूट हे पातळ पत्र्याचं आवरण, त्यात समुद्राचं पाणी मोकळं आत-बाहेर होणार. त्या नळकांड्याच्या प्लेटची जाडी सेव्हन-सीला १८.५ मिमी होती आणि नंतरच्या सुधारित ४१ आवृत्तीत २१ मिमी केली, म्हणजे जास्त खोल जाता यावं, आणि वाढलेलं वजन मशिनरीतनं कापून काढलं. हे किट त्या ४१ आवृत्तीचं आहे. आता २१ ला १४४ नं भागा, ०.१५ मिमी येतंय. किटच्या प्लॅस्टिकची भिंत मी व्हर्नियरनं मोजली तर त्याच्या दहापट जाड. म्हणजे खरी बोट याच स्केलला केली तर ती कागदाएवढ्या पातळ पत्र्याची होणार, आणि २०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण २० किलोचा दाब, वरनं टाकलेले डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) फुटतायत. आम्ही वीस एमएमची प्लेट रोल करताना गोलाई किंचित इकडंतिकडं झाली तर पार्टी परत पाठवते, इथं गोलाई चुकली तर बाहेरचा दाब एकसारखा वाटला जात नाही आणि हल तिथंच बसतो. १९४० च्या दशकात हे वेल्डिंग करून शेकड्यांनी बोटी काढल्यात, काम म्हणून मानावंच लागतंय.

दोन्ही बाजूला पोटावर जे लांब फुगवटे आहेत ते सॅडल टँक. त्यात पाणी घेतलं की बोट खाली, हवा सोडून पाणी ढकललं की वर. किटमधे हे फुगवटे फार छान उतरलेत, पुढं-मागं निमुळते होत हलमधे कसे मिसळतात ते हाताचं बोट फिरवून बघा. त्याच्या वरच्या अंगाला ओळीनं चिरा आहेत, डेकखालचं पाणी झटकन भरावं आणि निघावं म्हणून, कारण विमान दिसलं की अर्ध्या मिनिटाच्या आसपास पाण्याखाली जायचंय. प्रत्येक शिपयार्डची चिरांची रांग वेगळी असायची, त्यावरनं जाणकार माणूस फोटो बघून बोट कुठल्या यार्डातली ते सांगतोय. किटमधे या चिरा आरपार नाहीत, नुसते खड्डे आहेत. मी बारीक ड्रिल आणि ब्लेडनं सगळ्या उघडल्या, वेळ लई गेला पण बोटीचा चेहराच बदलला. या पैशात कंपनीनं हे करून द्यायला पाहिजे होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मागची बाजू बघा. दोन पंखे, त्यांच्या मागं दोन रडर (सुकाणू) आणि मधे पाचवी टॉर्पेडो नळी. पुढं चार, मागं एक. एकूण १४ टॉर्पेडो घेऊन निघायचे आणि पुढच्या खोलीत जे जादाचे टॉर्पेडो असायचे त्याच्या वरखालीच खलाशांचे बंक, टॉर्पेडो सुटले तशी जागा मोकळी होणार. ४५-५० माणसं, दोन संडास, त्यातल्या स्वयंपाकघराजवळच्यात निघताना खाण्याचं सामान कोंबलेलं, म्हणजे सुरवातीचे काही आठवडे एकच. यातलं काही किटमधे दिसत नाही कारण आतला भाग दिलेलाच नाही. ज्याला इंजिनरूम, बॅटऱ्या, बंक बघायचेत त्यानं हे घेऊ नये, आतलं दाखवणारी किटं वेगळी येतात आणि ती बरीच महाग.

इंजिनाचं मात्र सांगायलाच पाहिजे, कोल्हापुरात इंजिनाचा विषय निघाला आणि सोडून दिला असं होत नाही. सहा सिलिंडरची दोन फोर-स्ट्रोक डिझेल, सुपरचार्जर लावलेली, दोन्ही मिळून २८०० हॉर्सपॉवरच्या वर. पाण्यावर १७ नॉटच्या (तासाला साधारण ३१ किलोमीटर) पुढं पळायची. पाण्याखाली डिझेलला हवा कुठली, मग १२४ सेलची लेड ॲसिड बॅटरी आणि दोन इलेक्ट्रिक मोटरी. आणि इथंच सगळा घोळ आहे. बॅटरीवर ४ नॉटनं चाललं तर फक्त ८० नॉटिकल मैल, म्हणजे कोल्हापूरहून निघून सातारा ओलांडून थोडं पुढं, तेही भराभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, आणि तिथं बॅटरी खलास. पूर्ण वेगानं पळवली तर त्याच्याही कितीतरी आधी. म्हणून मॉडेलचा आकार असा आहे बघा, पुढचं नाक जहाजासारखं लाटा कापणारं, वर सपाट डेक, कठडे, तोफा. ही मुळात पाण्यावर चालणारी बोट, गरज पडली की बुडी मारणारी. किट हातात धरून हे जेवढं पटतंय तेवढं फोटो बघून पटत नाही.

डेकवर पुढं मोठी तोफ नाही म्हणून एकजण मला म्हणाला तुझा पार्ट राहिला काय. राहिलेला नाही. सुरवातीच्या सेव्हन-सीला ८.८ सेंटीमीटरची तोफ असायची, पण १९४३ नंतर विमानं इतकी वाढली की वर थांबून तोफ चालवायला उसंतच नव्हती, बहुतेक बोटींवरची काढून टाकली आणि टॉवरच्या (डेकवर मधे उभा असतोय तो बुरूज) मागं दोन मजली प्लॅटफॉर्म करून विमानविरोधी गन वाढवल्या. किटमधे तेच आहे, वर २० मिमीच्या जोडगन, खाली एक ३७ मिमीची. या गन मात्र कमजोर, नळ्या जाड आणि मधे मोल्डची रेघ. घासून घासून बारीक करताना एक वाकली पण टिकली.

डेकवर डाव्या अंगाला एक लांब खाचा आहे, त्यात स्नॉर्केल आडवा पडतोय. हा १९४४ मधे मोठ्या प्रमाणात आला. बोट पाण्याखाली, नळीचं तोंड वर, त्यातनं हवा ओढत डिझेल चालवायचं आणि बॅटरी चार्ज करायची. लाट आली की वरचा व्हॉल्व्ह बंद, इंजिन मात्र चालूच, ते आतलीच हवा ओढणार, माणसांच्या कानात कळा. मी तो उभा लावलाय, पण वाहतूक करायची असेल तर आडवाच ठेवा, उभा पहिल्या धक्क्याला मोडणार.

आता तक्रार. माझ्या किटमधे पेरिस्कोपचा एक भाग अर्धवट भरलेला निघाला, म्हणजे मोल्डिंगमधे प्लॅस्टिक पोचलंच नव्हतं. फ्रेमला नीट लागलेला होता म्हणून दुकानात कळलं नाही. काकांनी लगेच वितरकाला कळवलं, वितरकाकडनं "बघतो" एवढंच, पार्ट आलाच नाही. शेवटी मी वेल्डिंगची बारीक फिलर वायर कापून पेरिस्कोप केला आणि तो प्लॅस्टिकपेक्षा सरळ झाला. टॉवरपासनं पुढं-मागं ताणलेल्या तारांसाठी किटमधे काही दिलेलं नाही, त्याला मोटर रिवाइंडिंगवाल्याकडनं सगळ्यात बारीक गेजची तांब्याची तार हातभर मागून आणा, कोण पैसेसुद्धा घेत नाही. एका टोकाला धरून थोडी ओढली की सरळ होते, मग सुपरग्लूचा थेंब. कठड्यांनासुद्धा तीच तार, किटमधले कठडे फेकून द्या.

रंग वर फिकट राखाडी, खाली गडद राखाडी, डेक काळपट. पावसाळ्यात स्प्रे मारू नका. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमधे हवेत इतका ओलावा की लॅकर पांढरा पडतोय, गणपती झाल्यावर उन्हं पडली की मारा. डिकलमधे हाकेनक्रॉइझचा, म्हणजे नाझींच्या स्वस्तिकाचा, झेंडा नाही, जर्मनीत विकायच्या डब्यात तो देत नाहीत, आणि मला त्याची अजिबात उणीव वाटली नाही. बोटीच्या इंजिनिअरिंगचं कौतुक वेगळं आणि ती ज्यांच्यासाठी लढली त्यांचं कौतुक वेगळं, माझ्या शोकेसमधे तो झेंडा नको.

४१ आवृत्तीची खरी बोट बघायची असेल तर यू-९९५ अजून आहे, सगळ्या टाईप सेव्हनमधली शिल्लक राहिलेली एकमेव. हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉसनं बांधली, सप्टेंबर १९४३ मधे नौदलात आली, नॉर्वेहून निघून रशियाकडं जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या काफिल्यांच्या मागं. दुसरा कॅप्टन हेस, ताब्यात घेतली तेव्हा पोरगा २१ वर्षांचा. युद्ध संपलं तेव्हा ती ट्रॉन्डहाइमला होती म्हणून वाचली, पुढं नॉर्वेच्या नौदलानं काउरा नाव देऊन वापरली, नंतर जर्मनीला परत दिली आणि १९७२ पासनं कीलजवळ लाबोला किनाऱ्यावर उभी आहे, हलला दारं कापलीत, लोक आत चालत जातात. तिचे भरपूर फोटो मिळतात, बांधताना समोर ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, त्या बोटीत नंतर बदल झालेत आणि मग परत जुनं रूप दिलंय, त्यामुळं बारीकसारीक गोष्टीत युद्धकाळातलेच फोटो धरा.

टाईप सेव्हनच्या सगळ्या मिळून ७०० च्या आसपास बोटी झाल्या, दुसऱ्या कुठल्याच प्रकारच्या पाणबुडीची एवढी संख्या नाही. आणि तरी मे १९४३ मधे एका महिन्यात जर्मनांच्या ४१ पाणबुड्या गेल्या. विमानांवर नवं सेंटीमीटर लांबीच्या लहरींचं रडार, काफिल्यासोबत छोट्या विमानवाहू नौका, पाणबुडीनं रेडिओवर मेसेज पाठवला की दिशा पकडणारी यंत्रं, आणि एनिग्मा या जर्मन गुप्तलिपीच्या यंत्राचे फुटलेले संदेश. पाण्यावरच राहावं लागणाऱ्या बोटीला हे सगळं एकदम झेपणारं नव्हतंच. पाणबुड्यांवर गेलेल्या साधारण ४० हजार जर्मनांपैकी २८ हजारांच्या वर परत आले नाहीत. आणि त्यांनी बुडवलेल्या ब्रिटिश मालवाहू जहाजांच्या बॉयलररूममधे आपले खलाशी होते, कोकणातले, बंगालमधले, हजारोंनी गेलेत. त्यांच्या जहाजांची किटं कुठं मिळत नाहीत. मिळाली तर पहिला गिऱ्हाईक मी.

घरी येणारा प्रत्येकजण एक प्रश्न हमखास विचारतोय, नेताजी ह्यातनंच गेले काय? नाही. नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन फेब्रुवारी १९४३ मधे कीलहून निघाले ती यू-१८०, टाईप नाईन-डी-वन, ८७.६ मीटर लांब, याच स्केलला साठ सेंटीमीटरच्या वर भरेल. सेव्हन-सीचा पल्ला ८५०० नॉटिकल मैल, तेवढ्यात आफ्रिकेला वळसा घालून परत येणं शक्यच नाही. यू-१८० ला टॉर्पेडोबोटींची वेगवान सहा इंजिनं घातलेली, ती तापायची, धूर सोडायची, पुढं काढूनच टाकली. एप्रिलच्या शेवटी मादागास्करच्या आग्नेयेला खवळलेल्या समुद्रात छोट्या रबरी होडीतनं दोघं जपानी पाणबुडी आय-२९ वर गेले. आणि ही आय-२९ म्हणजे तीच, जिनं आधीच्या नोव्हेंबरमधे मुंबईहून आफ्रिकेकडं निघालेलं तिलावा हे प्रवासी जहाज बुडवलं, २८० माणसं गेली. यू-१८० पुढं ऑगस्ट १९४४ मधे बिस्केच्या उपसागरात सगळ्यांसकट बुडाली. तिचं चांगलं किट कुणाला आपल्याकडं मिळालं तर नक्की कळवा, काकांना सांगून ठेवलंय पण अजून आलेलं नाही.

तर हल आणि आकाराला पूर्ण मार्क, गन आणि कठड्यांना निम्मे, कागदावरच्या माहितीला शून्य. दहा-बारा वर्षांच्या पोराला द्यायचं असेल तर सोबत बसायची तयारी ठेवा, बारीक भाग फ्रेमवरनं हातानं तोडू देऊ नका, नेलकटरनं कापा. दुकानाला पैकीच्या पैकी. एनॅमलचा थिनर मात्र तिथं ठेवत नाहीत, तो लक्ष्मीपुरीतनं आणावा लागतोय, जाताना आधीच घेऊन जा. आणि डबा उघडलात की फ्रेमवरचा प्रत्येक नळीसारखा भाग उजेडाकडं धरून बघा, मग पैसे द्या.